एकविसावा वाढदिवस आणि आठ लाख डॉलर

बारावी विज्ञान शाखेतील सतरा वर्षांच्या मुलीचे वडील विचारतात : अमेरिकेतील मेहुण्यांनी 2015 साली माझ्या पत्नीसाठी दाखल केलेले ग्रीन कार्डचे (तिथे कायम राहण्याच्या परवान्याचे) पिटिशन 2018 मध्ये मंजूर झाले. मुलीच्या करिअरसाठी त्याची वाट पाहावी, की वडिलोपार्जित जमीन विकून ईबी-5 हा गुंतवणूकदार व्हिसा घ्यावा?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात जमिनीचे क्षेत्रफळ आहे, पिटिशनच्या तारखा आहेत, एजंटने दिलेले परताव्याचे कोष्टकही आहे. मुलीविषयी मात्र एकच ओळ आहे : ‘तिला भूगर्भशास्त्राचे वेड आहे, पण ते वयच तसे असते.’ मला काळजी वाटली ती या ‘पण’ची. घरची जमीन आपल्यापायी गेली हे ओझे घेऊन जी मुलगी परदेशी वर्गात बसेल, तिला विषय बदलण्याची, चुकण्याची किंवा परत येण्याची मुभा उरत नाही, आणि अठराव्या वर्षी हीच मुभा सर्वांत मोलाची असते.

‘पिटिशनमध्ये मुलीचेही नाव आहे, म्हणजे ती सुरक्षित आहे’ हा तुमचा समज चुकीचा आहे. भावंडांच्या या एफ-4 गटात वर्षाला सुमारे 65,000 व्हिसा मिळतात, त्यावर देशनिहाय मर्यादा असते, आणि भारतीयांच्या रांगेत अलीकडे 2006 सालचे अर्ज पुढे सरकत आहेत. नंबर लागेल तेव्हा मुलगी अविवाहित आणि एकवीस वर्षांखालील असावी लागते. पिटिशन मंजुरीविना पडून राहिले तेवढा काळ कायदा तिच्या वयातून वजा करतो. तुमच्या बाबतीत तो जेमतेम तीन वर्षांचा आहे, आणि रांगेचा हा वेग राहिला तर तोवर ती पंचविशी ओलांडेल. मामांचे पिटिशन फार तर तुम्हा दोघांच्या उतारवयाची सोय आहे.

ईबी-5 साठी ग्रामीण किंवा अधिक बेरोजगारीच्या भागातील प्रकल्पात 8,00,000 डॉलर, अन्यत्र 10,50,000 डॉलर गुंतवावे लागतात आणि आधी दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते, हे एजंटने सांगितलेच असेल. ही रक्कम खऱ्या जोखमीत असावी लागते आणि परतफेडीची हमी असलेली गुंतवणूक चालतच नाही, हे त्याने सांगितलेले दिसत नाही. तेव्हा ‘खात्रीशीर’ शब्द असलेले ते कोष्टक बाजूला ठेवावे. शिवाय तुम्ही लिहिता, ‘आम्ही इथेच राहू, तिला पाठवू.’ मुख्य अर्जदार तुम्ही असाल, तर तिथे कायमचे राहायला तुम्हालाच जावे लागेल.

सॅट, टोफेल वगैरे प्रवेशासाठीच्या परीक्षांची माहिती कुठेही मिळेल. शिकायला जाण्यासाठी एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा पुरतो. मुलाखतीत पिटिशनविषयी विचारले, तर लपवू नये. गंमत म्हणजे ज्या विषयाला तुम्ही वयाचा दोष मानता, तो अमेरिकेच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांच्या यादीत असल्याने आजच्या नियमांनुसार पदवीनंतर एक अधिक दोन अशी तीन वर्षे तिथे काम करण्याची परवानगी मिळू शकते.

जमिनीचा व्यवहार तूर्त थांबवा. पुढचे पत्र मुलीला लिहू द्या, आणि ते पाठवण्यापूर्वी वाचायला मागू नका.