‘मी हाय न्हवं अजून?’ असं आई म्हणते तेव्हा

माहेर खानापूरचं आणि नोकरी पुण्यात, अशा एका ताईंचं पत्र आलंय. वडील ७१ वर्षांचे, त्यांना तोंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालंय. आता बेळगावात रेडिएशन आणि दर आठवड्याला केमो सुरू होणार. आई ६६ वर्षांची, तिला शुगर आहे, गुडघे दुखतात. भाऊ दुबईत. त्या लिहितात : ‘मदतीला बाई ठेवू म्हटलं की आई जेवणावरून उठते. “मी हाय न्हवं अजून?” म्हणते. बाबांचं म्हणणं, ठेवायचीच तर आपल्यातली बघ. पाहुणे म्हणतात, लेक असून बाई कशाला? मी नोकरी सोडून घरी जाऊ का?’

ताई, नोकरी सोडू नका. मदतनिसांचा पगार त्याच नोकरीतून निघणार आहे. आणि पाहुण्यांना उत्तर देत बसू नका. त्यांच्यातला कुणी सकाळी सहाला पाणी तापवायला येणार नाही.

आईचं मात्र नीट ऐका. इतकी वर्षं तिनं बाबांचं सगळं केलंय. त्यांच्या आजारात ते कुणी आपल्या हातातून काढून घेतंय, असं तिला वाटतं. म्हणून ‘बाबांसाठी बाई’ हा विषयच काढू नका. तिला विचारा, तुझ्या अंगावरचं कुठलं काम उतरवू? परसातल्या ओल्या फरशीवरून बादल्या उचलणं, धुणं, भांडी, दळण, बाजार, ही कामं ती सोडेल. बाबांना भरवणं सोडणार नाही, आणि सोडायला लावूही नका. तोंड आलेल्या माणसासाठी नाचणीची आंबील गाळून, कोमट करून, बिनतिखटाची द्यायची, ती वाटी तिच्याच हातात राहू दे. धुण्याभांड्याला गल्लीतलीच, आईच्या ओळखीची बाई आधी दोन तासांसाठी लावा. पंधरा दिवसांत आईच तिला चहा देऊन बसवून घेईल, बघा.

बाबांसाठी वेगळा माणूस लागेल, आणि तो पुरुष असावा. लेकीच्या वयाच्या बाईकडून अंघोळ घालून घ्यायला त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. बेळगावात असे ब्रदर पुरवणाऱ्या एजन्सी आहेत. वॉर्डातल्या सिस्टरना आणि मावशींना विचारलंत तर भरवशाची नावं लवकर कळतात. गावातला एखादा समजूतदार, दणकट पोरगाही चालेल. रेडिएशन बहुधा सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे रोज असतं. त्यात खानापूरचा पाऊस. आईनं रोज बेळगावची वारी करायची म्हटली तर तीच आधी आडवी होईल. ने-आण त्या पोराकडे द्या. जमत असेल तर शेवटच्या आठवड्यांपुरती हॉस्पिटलजवळ खोली घ्या.

आता बाबांचं ‘आपल्यातली’. हे मला पटत नाही, आणि तुम्हीही मान तुकवू नका. आजारी माणसाला उठवताना पाठीला हात कसा द्यायचा हे जिला कळतं, ती आपली. ती कन्नड बोलणारी असेल तरी काय बिघडलं? खानापूरच्या बाजारात तुमची आई आयुष्यभर कन्नडात घासाघीस करत आली असेल. बाबांशी वाद घालू नका, माणूस चांगला निवडा.

येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी काही गोष्टी तोंडी सांगा आणि मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, मराठीत आणि कन्नडात. सर्दी-खोकला असेल तर यायचं नाही, त्या दिवसाचा पगार कापणार नाही. ही दुसरी अट फार महत्त्वाची आहे, नाहीतर बिचारे ताप लपवून येतात. केमोनंतर ४८ तास लघवी, उलटी किंवा खराब कपडे हाताळताना हातमोजे घालायचे, ते कपडे वेगळे धुवायचे. आणि बाबांचा ताप १००.४ फॅरनहाइटला गेला, तर रात्रीचे दोन वाजले असोत, थेट हॉस्पिटल. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, अशा वेळी ‘सकाळपर्यंत बघू’ जिवावर बेततं. थर्मामीटर आईला वाचता येतो का, हे स्वतः बघा.

गिळणं फार अवघड झालं तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतील. तेव्हा घरी सोडण्याआधी आई आणि तो ब्रदर, दोघांनीही सिस्टरांसमोर स्वतःच्या हातानं एकदा नळीतून भरवून बघावं. बसवून भरवायचं, आणि नंतरही अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही.

पैशाचं स्पष्ट बोलते. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचं) कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल (दारिद्र्यरेषेवरचं) असेल तर खर्चाच्या ३० टक्के, तेही दीड लाखांपर्यंतच. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा फुले आरोग्य योजनाही जाहीर केली आहे. हॉस्पिटलमध्ये अशा योजनांची माहिती द्यायला आरोग्यमित्र असतो, त्याला दोन्हींबद्दल विचारा. घरच्या मदतनिसाचा पगार यातून मिळत नाही, पण उपचाराचे वाचले तर तो देता येतो. तो पगार भावानं द्यावा, ठरलेल्या तारखेला, थेट त्यांच्या खात्यावर. ‘लागले तर सांग’ असं दुबईहून म्हणणं पुरत नाही, हे त्याला रागावून नाही, पण सरळ सांगा. पगार, सुट्टीचा दिवस, जेवण, सगळं आधी ठरवा. आधारची प्रत घ्या. दागिने लॉकरमध्ये ठेवा, म्हणजे उगाच कुणावर संशय नको.

आणि रजा. ती आत्ता खर्चू नका. रेडिएशनच्या सुरुवातीला बाबा बरे वाटतील, बोलतील, जेवतीलही. तोंडातल्या जखमा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त होतात आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे राहतात. पाहुण्यांची वर्दळ थांबते, ब्रदरही कंटाळलेला असतो, आई पार थकलेली असते. तुमची खरी गरज तेव्हा आहे. साहेबांना आजच सांगून त्या महिन्याची रजा लावून घ्या.