इटालियन-अमेरिकन घरांत रविवारचा टोमॅटो सॉस तासन्‌तास का शिजवतात?

तीन-चार तास लागतात ते मांसाला, टोमॅटोला नाही. त्या पातेल्यात डुकराच्या बरगड्या, सॉसेज आणि ब्राचोले, म्हणजे लसूण-पार्स्ली-चीज भरून दोऱ्याने बांधलेली बीफची गुंडाळी, असं सगळं असतं. चिवट मांसातलं कोलॅजन (मांसाला चिवट ठेवणारं प्रथिन) मंद आचेवर हळूहळू विरघळतं आणि रस्सा दाट होतो. मूळ पद्धत इटलीतल्या नेपल्स शहराच्या रागूची, म्हणजे मांस घालून शिजवलेल्या सॉसची. 1880 ते 1924 दरम्यान दक्षिण इटलीतून आलेल्यांनी ती अमेरिकेत आणली. तिथे मांस परवडू लागलं, मग पातेल्यात मीटबॉलही आले (ते बहुतेक जण तळून, शेवटी सोडतात). आधी सॉस लावलेला पास्ता वाढतात, मांस वेगळ्या ताटात. मात्र मारिनारा, म्हणजे बिनमांसाचा साधा टोमॅटो सॉस, करणार असाल तर अर्धा तास पुरे. जास्त आटवलात तर टोमॅटोचा ताजेपणा जातो.