लेकीला पखवाजच शिकायचाय, काय करू?

प्रश्न: आम्ही वाईजवळच्या एका गावात राहतो. मुलगी १२ वर्षांची, सातवीत आहे. मंदिरात दर गुरुवारी भजन असतं. ती पखवाजवाल्या काकांच्या शेजारी जाऊन बसते आणि घरी आली की परातीवर तेच वाजवते. तिला पखवाज शिकायचाय. तिचे बाबा म्हणतात, शिकायचंच तर गिटार शिक, पुढं उपयोग तरी होईल. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला पेटीच बरी. मी काय करावं?

उत्तर:

ताई, ‘घरी आली की परातीवर तेच वाजवते’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. देवळातून येताना ती ठेका उचलून आणते, तोही कुणी न सांगता. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक ‘सोपं वाद्य कोणतं’ आणि ‘स्कोप कशाला आहे’ हेच आधी विचारतात. मूल कशाला कान लावून बसतं, हे मला खोदून काढावं लागतं. तुम्ही ते न विचारता लिहिलंत. माझं मत पखवाजाच्या बाजूनं आहे.

सासूबाईंना पेटीचीच एक हकिगत सांगा. पेटीचे स्वर पक्के बसवलेले, त्यामुळे तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं, निघत नाही. अशा आक्षेपांवरून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. आज ख्यालाच्या मैफलीत पेटी नसली तर चुकल्यासारखं वाटतं. तालवाद्यं मुलींची नाहीत, हा समजही तसाच मोडलाय. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी तबल्याचं एकल वादन केलं, अनुराधा पाल आज जगभर तबला वाजवतात, इंदूरच्या चित्रांगना आगळे-रेशवाल पखवाज वाजवतात. इंदूर म्हटलं की मला नाना पानसे आठवतात. तुमच्या वाईकडचेच ते. होळकरांच्या इंदुरात नावारूपाला आले आणि त्यांच्या नावानं पखवाजाचं घराणं चाललं. तुमच्या लेकीनं हे वाद्य मागणं म्हणजे घरची वस्तू परत मागणं आहे, असं मला खरंच वाटतं.

आता शरीराचं बघू, कारण इथं घाई नको. पखवाज आडवा ठेवून दोन्ही हातांनी वाजवतात. तिला मांडी घालून बसवा. पाठ ताठ ठेवून दोन्ही पुड्यांपर्यंत, म्हणजे दोन बाजूंच्या चामड्यांपर्यंत, तळवे सहज पोचतात का ते पाहा. खांदे वर चढत असतील किंवा ती एका बाजूला कलत असेल, तर एखादं वर्ष तबला शिकू दे. पखवाजाचे बोल खुले, थापेचे असतात आणि तबल्यात बोटांचं काम जास्त असतं, पण लय, मात्रा, हातानं ताल धरणं हे दोन्हीकडे लागतंच, त्यामुळे ते वर्ष वाया जात नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, त्यानंच तो घुमारा येतो. वाजवून झालं की ती कणीक काढून पुडी पुसायची असते. हे काम पहिल्या दिवसापासून तिच्याकडेच द्या. जे मूल हे न कंटाळता करतं, ते टिकतं असा माझा अनुभव आहे.

गुरू मात्र जवळचा हवा. मला लहानपणी सतार शिकायला घातलं होतं. क्लासला जायला दोन एसट्या बदलाव्या लागत. सतार आवडत होती, तरी दीड वर्षात सुटली, आणि ती रुखरुख अजून आहे. म्हणून शहरातल्या मोठ्या नावामागं आत्ताच लागू नका. भजनातल्या त्या काकांनाच विचारा. भजनी ठेका, अभंगाच्या चाली, गाणाऱ्याकडे लक्ष ठेवून वाजवणं हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवणार नाही. चौताल, धमार, सूलताल या शास्त्रीय तालांचं शास्त्र शिकायची वेळ दोन-तीन वर्षांनी येईल. तेव्हा महिन्यातून दोनदा साताऱ्याला किंवा पुण्याला जाणं झेपेल.

तिच्या बाबांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. केवळ एकल वादनावर घर चालवणारे फार थोडे असतात. बाकीचे साथसंगत, शिकवण्या, कीर्तन, कथकच्या वर्गातली साथ आणि रेकॉर्डिंग यांची मोट बांधतात. गिटारवाल्यांचंही याहून वेगळं नाही. उलट गिटार शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत, पखवाजाला धरून बसणारी मोजकी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत देता येतात. शास्त्रीय कलेच्या ठरावीक परीक्षा झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, तो नियम शाळेत आत्ताच विचारून ठेवा. दिल्लीच्या सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांसाठी असते, म्हणजे तिच्या हातात दोनच वर्षं आहेत. बारावीनंतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहेच. पण तिच्या आयुष्याचा धंदा सातवीत ठरवायची गरज नाही. गणित-विज्ञान चालू राहू दे. रोज अर्धा तास रियाज पुरे, परीक्षेच्या आठवड्यात दहा मिनिटं, पण खंड नको.

नवा पखवाज लगेच घेऊ नका. गावातल्या भजनी मंडळाकडे जुना, पडून असलेला बहुतेक असतोच. तो मागा, लागली तर पुडी बदलून घ्या. सहा महिन्यांनी विकत घ्यायचा झालाच, तर काकांना सोबत न्या. खोडाला चीर आहे का, वादी (पुड्या ताणणारी चामड्याची पट्टी) ओढून सूर धरतो का, हे दुकानात उभं राहून आपल्याला कळत नाही.

आणि येत्या गुरुवारी तिच्या बाबांनाही देवळात न्या. त्यांना तिच्या शेजारीच बसवा. काकांना सांगून एका अभंगाला तिचा हात पखवाजावर पडू दे. गिटारचं बोलणं त्यानंतर, घरी आल्यावर करा.