लहानपणी थीम पार्कमध्ये पाहिलेल्या 'भविष्या'चा आयुष्यावर खरंच परिणाम होतो का? मुलांना तिथं नेण्यासाठी एवढा खर्च करावा का?

होतो. माझ्यावर झाला, आणि त्यावरून आमच्या घरात वीस वर्षं वाद चालला.

आमची जालन्याजवळ मोसंबीची बाग. मामा फ्लोरिडात नोकरीला होते. १९९६ च्या मे महिन्यात त्यांनी मला आणि आईला बोलावून घेतलं, तेव्हा मी दहा वर्षांचा. डिस्नेच्या एपकॉट या थीम पार्कला गेलो. दारातच तो १८० फूट उंचीचा चंदेरी गोल. सगळे फोटो काढत होते आणि मामा सांगत होते, यावर पडलेला पाऊस पत्र्यांच्या फटींतून आत घेतात आणि मागच्या तळ्यात सोडतात, खाली उभ्या माणसावर पाण्याची धार पडत नाही. घरी टँकरमागं घागरी घेऊन धावणाऱ्या पोराला ही गोष्ट कशी वाटली असेल, सांगता येत नाही.

मग 'होरायझन्स' हे भविष्य दाखवणारं दालन. टांगलेल्या गाडीत चौघं बसायचं, समोरून पुढच्या शतकातली घरं सरकत जायची. वाळवंटातली शेती आली, यंत्रं फळं तोडत होती, आणि एकदम संत्र्याचा वास आला. मी मामांना विचारलं, "पाणी कुठून आणतात?" ते म्हणाले, "अरे, देखावा आहे, वाससुद्धा यंत्रानं सोडतात." शेवटी परत कुठून जायचं ते बटण दाबून ठरवायचं. मी वाळवंट दाबलं, दोघा मामेभावांनी अंतराळ. बहुमत त्यांचं झालं. मला फार वाईट वाटलं होतं.

'द लँड' या शेतीच्या दालनात मात्र देखावा नव्हता. होडी खऱ्याखुऱ्या काचघरांतून जाते. झाडांची मुळं हवेत लोंबत होती आणि त्यांच्यावर पाणी फवारत होते. आमच्याकडं तेव्हा दांडानं पाणी सोडून आळी भरायचे.

२००९ साली मी काकांकडं शेततळ्यासाठी दहा गुंठे मागितले. "अमेरिकेतला तमाशा पाहून आलास, आता जमीन पाण्यात घालतोस का?" असं उत्तर मिळालं. २०१२ ला पाऊस दगा देऊन गेला. बोअर आटले, टँकरचं पाणी परवडेना आणि २०१३ च्या उन्हाळ्यात चारशे झाडं वाळली. करवत मीच चालवली.

काका अजून म्हणतात, तो निसर्गाचा कोप होता. मला मान्य नाही. वर तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल आणि उतरत्या बाजूंच्या तळ्यात एकवीसेक लाख लिटर पाणी बसतं. आठ-नऊ लाखांची वाफ झाली असं धरा. फळं उतरवून टाकून, ठिबकवर झाडाला रोज २५ लिटर दिलं, तर चारशे झाडांना दहा हजार लागतात. चार महिन्यांचे बारा लाख. बाग जगली असती. हा हिशोब मी काकांना कागदावर मांडून दाखवला, त्यांनी चष्मा लावला नाही.

२०१४ ला तळं केलं, अस्तर टाकलं, नवी लागवड केली. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते, तेव्हा आमची रोपं हिरवी होती.

मुलांना न्यावं का? पैसे असतील तर न्या, पण आठ-दहा वर्षांच्या आत नको, नुसतं खाणं लक्षात राहतं. होरायझन्स १९९९ लाच बंद पडलं, काचघरं पाहा. कर्ज काढून मुळीच जाऊ नका. त्यापेक्षा आमच्या जिल्ह्यातलं कडवंची गाव दाखवा, तिथं पाणलोटाच्या कामावर द्राक्षं उभी आहेत.

आणि तळं करणार असाल तर ते पावसाच्या पाण्यानंच भरा. आमच्या शिवारात आता बोअर उपसून तळी भरतात आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. हे होणार, असं काका २००९ लाच म्हणाले होते. तेवढं त्यांचं खरं निघालं.