पावती कुणाच्या नावाने फाडतेस?

प्रिय मुली,

महिला सहकारी संस्थेचं सचिवपद घेतलंस, बरं केलंस. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकून मुलगी परत सिंधुदुर्गात, आपल्याच गावात कामाला लागते, याचं कौतुक तुझ्या घरचे करोत न करोत, मी करते. तुझ्या पत्रात काजू फोडायचं यंत्र आहे, शेड आहे, अनुदान आहे, पाकिटावरच्या लेबलाचा रंगसुद्धा आहे. पण किती बायकांच्या स्वतःच्या खात्यावर पैसे जमा होतात, ते कुठेच नाही. म्हणून मी तेवढ्यावरच लिहिते. यंत्राबद्दल सांगणारे तुला पुष्कळ भेटतील.

मार्च-एप्रिलमध्ये डोक्यावर गोणपाट घेऊन बाई काजी, म्हणजे काजूच्या बिया, संस्थेत घालायला येते. झाडाखाली वाकून वेचल्या तिने, बोंडूपासून, म्हणजे काजूच्या फळापासून, पिळून काढल्या तिने, खळ्यात वाळवल्या तिने. आणि पावती करताना तीच म्हणते, "ह्येंच्या नावार घाल गो." घालू नकोस. वाईटपणा आला तरी चालेल. पावती तिची, खातं तिचं, शेअरही तिचा. वर्षाअखेरीचा लाभांश आणि फरकाची रक्कम याच नोंदींवरून वाटली जाते. सहकारात दहा शेअर असले तरी मत एकच. ते एक मत नवऱ्याच्या नावावर गेलं, तर संस्थेच्या पाटीवर 'महिला' लिहून काय साधलं?

आता सातबारा. देशातल्या वहिती खातेदारांत बाया सुमारे १४ टक्के, असं २०१५-१६ ची कृषी गणना सांगते. आपल्याकडे तर पुरुषांचीही नावं सरळ नसतात. एका सामाईक सातबाऱ्यावर आजोबा, चुलते, मुंबईचे, वारलेले, सगळे एकत्र नांदत असतात. त्यामुळे पीककर्ज मिळत नाही, ई-पीक पाहणीत नोंद दुसऱ्याच्या खात्यावर, नुकसानभरपाई आली तर ती भायखळ्याला राहणाऱ्या दिराला. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला हजारो बायका जमल्या, त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सरकारी योजनाही त्याच नावाने आली. आपल्याकडे तिचा उपयोग फार थोड्यांनी केला. नवऱ्याचाच हिस्सा वेगळा झालेला नसेल, तर तो बायकोला काय देणार, हेही खरंच.

म्हणून दोन गोष्टी कर. संस्थेच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, सभासदत्वाला सातबाऱ्याची अट ठेवू नका, निबंधक कार्यालयात जाऊन तसा मसुदा समजून घे. आणि विधवा सभासदांची वारस नोंद आधी हातात घे. त्यात कुणाची मेहेरबानी नाही, कायद्याने ती पहिल्या वर्गातली वारस आहे. मुलीही आहेत, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हक्क मुलग्याएवढा. वाटणीचं बोलायचं असेल तर गणपतीत बोलायचं. तेव्हाच सगळे भाऊबंद एका छपराखाली असतात. विसर्जन झालं की आरक्षणाची तिकिटं काढून सगळे पसार.

काट्यावर मात्र नाती बघू नकोस. आपल्या सोलांचंच, म्हणजे कोकमांचं, उदाहरण घे. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडून बी-गर वेगळा काढायचा, साल मिठाच्या आगळात, म्हणजे त्याच्याच खारवलेल्या रसात, बुडवून उन्हात टाकायची, पुन्हा पूट, पुन्हा ऊन. साल काळपट आणि चिवट होईस्तोवर हे चालतं. पण मेअखेरीस ढग जमतात, बाईची घाई होते, एखादं ऊन राहून जातं. ओलसर सोलं वजनाला बरी भरतात, हेही तिला ठाऊक असतं. मूठभर घट्ट दाबून सोड: गोळा तसाच राहिला तर माल परत. तुझी सख्खी काकी असली तरी परत. असं एक पोतं आत गेलं तर जुलैत शेजारच्या चार पोत्यांना बुरशी, आणि गिऱ्हाईक सगळाच माल माघारी पाठवतो. परत पाठवताना चारचौघींत बोलू नकोस. तिला बाजूला घे आणि वाळवायला संस्थेची ताडपत्री दे. खरं तर मला विचारशील तर काजूच्या यंत्राच्या आधी सौर वाळवणी यंत्र घ्या. त्याच्याने रातांबेही निघतील, बियाही.

वेंगुर्ला काजूला आणि आपल्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तू लिहिलंस. छानच. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय ते चिन्ह पाकिटावर छापता येत नाही, एवढं लक्षात ठेव.

सभासद व्यापाऱ्याकडे का जातात, म्हणून तू चिडली आहेस. चिडू नकोस. तो दारात येतो, काटा लटकवतो, रोख मोजतो. काट्यात मारतो हे तिलाही कळतं, पण पावसाळ्याची बेगमी, मुलांच्या वह्या, घर शाकारणं, सगळं त्याच दोन महिन्यांत असतं. संस्था दोन महिन्यांनी पैसे देणार असेल तर ती का थांबेल? हंगामाआधी खेळतं भांडवल उभं करा. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीमार्फत काजू बीवरही सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. प्रक्रिया करणाऱ्या बचत गटातल्या बायकांना २०२० पासूनच्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे. तोलल्या दिवशी निदान निम्मे पैसे द्या, उरलेले विक्रीनंतर.

शेवटचं, संचालक मंडळाचं. कायद्याने बायकांना दोन जागा राखीव आहेत, आणि त्या दोन जागांवर कुणाच्या सुना बसवायच्या हे आधीच ठरलेलं असतं. तुमची संस्था महिलांचीच असली तरी हे चुकत नाही. अध्यक्षीणबाईंचे यजमान सभेत खुर्ची ओढून बसले, तर चहा देऊन बाहेरच्या पडवीत बसव आणि इतिवृत्त बाईंकडून वाचून घे. अडखळत वाचू दे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे नोटीस चतुर्थीच्या गडबडीत अडकू देऊ नकोस.

ताळेबंदाची प्रत पोस्टाने पाठव. मोबाइलवरचे आकडे मला दिसत नाहीत.

तुझी,
काकी