वाढ कुठून, घट कशात?

या वेळी आलेल्या बऱ्याच प्रश्नांचा रोख एकच आहे. बातमीत, लॅबच्या रिपोर्टात किंवा प्रबंधात 'इतकी वाढ', 'इतकी घट' असं छापलेलं असतं, ते मोजतात तरी कसं? सगळ्यांना माझं एक सामायिक सांगणं आहे: बदलाचा आकडा समोर आला की तो ज्या दोन आकड्यांतून निघाला, ते दोन आधी मागून घ्या. आता एकेक प्रश्न.

प्रश्न: कोलेस्टेरॉलवरच्या एका औषधाने हृदयविकाराचा धोका ३४ टक्क्यांनी कमी होतो असं वाचलं. म्हणजे औषध घेणाऱ्या शंभरातले चौतीस जण वाचतात का?

नाही, आणि हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, डॉक्टरांचाही होतो. ३४ टक्के हा आकडा बहुधा १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या हेलसिंकी हार्ट स्टडीतून आलेला असावा. त्यात चार हजारांहून थोडे अधिक मध्यमवयीन पुरुष होते. निम्म्यांना जेमफायब्रोझिल दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांत साध्या गोळीच्या गटात हजारी ४१.४ जणांना हृदयविकाराचा गंभीर त्रास झाला, औषधाच्या गटात हजारी २७.३ जणांना. फरक हजारी १४ चा, म्हणजे शेकडा १.४. हाच १४ चा फरक मूळच्या ४१ शी ताडून पाहिला की ३४ टक्के निघतात. तिसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर साधारण ७१ जणांनी पाच वर्षं औषध घेतलं, तेव्हा त्यातल्या एकाचा त्रास टळला. असा हिशेब मांडण्याची पद्धत १९८८ मध्ये लॉपॅसिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स यांनी सुचवली, आणि रुग्णाशी बोलताना मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते.

तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांची कामं वेगळी आहेत. ३४ टक्के ही सापेक्ष घट औषधाचा जोर सांगते, आणि ती वेगवेगळ्या गटांत बरीचशी सारखी राहते. पण तुमच्या वाट्याला काय येणार हे तुमच्या मूळ धोक्यावर ठरतं. ज्याचा धोका शेकडा २० आहे, त्याच्यासारख्या शंभरात सुमारे सात जण वाचतील. ज्याचा धोका शेकडा १ आहे, त्याच्यासारख्या तीनशेत एखादा.

वाढीच्या बाबतीत हीच चूक जास्त महागात पडते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. तो दुप्पट होत होता: सात हजारांत एकीला, तो सात हजारांत दोघींना. अनेकींनी घाबरून गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी तिथे गर्भपातांची संख्या वाढली. गर्भारपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. 'दुप्पट' शब्दाबरोबर 'सात हजारांत' हे दोन शब्द सांगितले असते तर कित्येकींचं दुःख टळलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. फायदा सापेक्ष टक्क्यांत आणि दुष्परिणाम निव्वळ आकड्यांत, अशी सरमिसळ एखाद्या माहितीपत्रकात दिसली तर दोन्ही एकाच मापात मांडून घ्या.

प्रश्न: मी जीवशास्त्रात एमएस्सी करते. जनुकांच्या अभिव्यक्तीतला (जनुक किती काम करतं त्यातला) बदल मी 'दोन पटींनी वाढ', 'तीन पटींनी घट' असा लिहिला. मार्गदर्शक म्हणतात, सगळं लॉग २ मध्ये मांड. का?

पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. '१०० ची दुप्पट झाली' म्हणजे २००, यात शंका नाही. पण 'दोन पटींनी वाढली' म्हणजे २०० की मूळ १०० मध्ये आणखी २०० मिळून ३००? वाचणारे दोन्ही अर्थ घेतात. 'तीन पटींनी घट' तर शब्दशः अशक्यच आहे. तुला 'एक तृतीयांश उरली' म्हणायचं आहे. प्रबंधात 'दुप्पट झाली', 'एक तृतीयांश झाली' असंच लिही.

दुसरी अडचण गणिताची. १०० चे २०० झाले तर वाढ १०० टक्के. तेच २०० परत १०० वर आले तर घट फक्त ५० टक्के. प्रवास तेवढाच, आकडे वेगळे. ५० टक्के घटून मग ५० टक्के वाढलं तर माणूस १०० वर परत येत नाही, ७५ वर अडकतो. सरासरी काढताना याचा फटका बसतो. समज, एका नमुन्यात जनुकाची पातळी चौपट झाली आणि दुसऱ्यात पाव. दोन्ही बदल एकमेकांना खोडतात, पण ४ आणि ०.२५ ची सरासरी २.१२५ येते आणि आपण आनंदाने 'दुपटीहून जास्त' लिहून मोकळे होतो. लॉग २ म्हणजे तो आकडा २ चा कितवा घात आहे ते. त्यात हेच बदल +२ आणि -२ होतात आणि सरासरी शून्य येते.

डीएनएच्या प्रती वाढवून मोजणारं पीसीआर यंत्र तर मुळातच लॉगमध्ये बोलतं. प्रत्येक चक्रात डीएनए दुप्पट होतो, म्हणून सीटीमधला (ठरावीक पातळी गाठायला किती चक्रं लागली त्या आकड्यातला) एका चक्राचा फरक म्हणजे दुपटीचा फरक, आणि सीटी कमी म्हणजे मूळ माल जास्त. लिव्हाक आणि श्मिटगेन यांनी २००१ मध्ये मांडलेलं डेल्टा-डेल्टा सीटीचं सूत्र याच गृहीतावर उभं आहे. तुझ्या प्रायमरांची (प्रत बनायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या आसपास नसेल तर चक्रागणिक चूक वाढत जाते, म्हणून ती आधी मोजून घे. आणि सरासरी, विचलन, चाचणी हे सगळं सीटीच्या पातळीवरच कर, 'पट' फक्त शेवटी काढ.

प्रश्न: माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८ टक्क्यांवरून ७ वर आलं. डॉक्टर म्हणतात एक टक्का उतरलं, मुलगा म्हणतो साडेबारा टक्के. कोण बरोबर?

दोघंही, पण डॉक्टरांची भाषा वापरा. त्यांचा 'एक टक्का' म्हणजे मापाच्या पट्टीवरचा एक अंक. मुलाने त्या एकाला आठाने भागलं आहे.

मुलाच्या पद्धतीत एक मेख आहे, ती त्याला जरूर दाखवा. हीच तपासणी मिलिमोल प्रति मोल या दुसऱ्या एककातही देतात. त्यात ८ टक्के म्हणजे ६४ आणि ७ टक्के म्हणजे ५३. आता घट काढली तर सुमारे १७ टक्के! रक्त तेच, साखर तीच, पण टक्के बदलले, कारण दोन्ही पट्ट्यांचं शून्य एका जागी नाही. तापाचंही तसंच. ३७ अंश सेल्सियसचा ताप ३८.५ झाला तर 'चार टक्क्यांनी वाढला' या वाक्याला काही अर्थ नाही. दीड अंशाने वाढला, एवढंच खरं. रक्ताचा पीएच (आम्लतेचं लॉगमधलं माप) ७.४ वरून ७.१ वर आला तर कागदावर घट चार टक्के दिसते, पण हायड्रोजन आयनांचं प्रमाण दुप्पट झालेलं असतं आणि रुग्ण गंभीर असू शकतो.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉल १९० होतं, आता २०४ आलं. पथ्य नीट पाळते, मग वाढलं कसं?

कदाचित वाढलेलं नसेलच. तुमचं रक्त लागोपाठ दोन आठवडे तपासलं तरी आकडा तोच येणार नाही. थोडं शरीर हलतं, थोडं यंत्र हलतं. समजा, शरीराची स्वतःची हालचाल ५ टक्के आणि यंत्राची २ टक्के. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं तर ५.४ येतात. दोन तपासण्यांतला फरक खरा मानायचा तर तो याच्या साधारण २.७७ पट, म्हणजे १५ टक्क्यांच्या पुढे जायला हवा. तुमचा फरक सात टक्क्यांचा आहे. पथ्य सुरू ठेवा आणि काही महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा बघा.

हा नियम सगळीकडे सरसकट लावू नका. मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं त्या क्रिएटिनिनमध्ये लहान वाढही मोठी असू शकते: ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, तर मूत्रपिंडाला अचानक इजा झाली असं केडिगो या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडतज्ज्ञ संस्थेचे निकष मानतात. एकाच निकषात निव्वळ वाढही आहे आणि सापेक्षही, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. कारण क्रिएटिनिन १ चं २ होतं तेव्हा मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता निम्मी गेलेली असते. ४ चं ५ होतं तेव्हा मूळ क्षमतेच्या जेमतेम पाच टक्के. दोन्ही वेळा वाढ एकाचीच.

प्रश्न: माझ्या एमडीच्या प्रबंधात औषधाच्या गटात रक्तदाब लक्षणीय घटला, दुसऱ्या गटात घट लक्षणीय नव्हती. म्हणून औषध उपयोगी, असा निष्कर्ष काढला. परीक्षकांनी आक्षेप घेतला.

आक्षेप योग्य आहे, आणि तो प्रबंध सादर होण्याआधीच कुणी घ्यायला हवा होता. समजा, औषधाच्या गटात घट १२, पी ०.०३, आणि दुसऱ्यात घट १०, पी ०.०७. पी ०.०५ च्या खाली असेल तर 'लक्षणीय' म्हणायची प्रथा आहे, म्हणून एक 'लक्षणीय', दुसरी नाही. पण दोन गटांमधला फरक फक्त २ आहे, आणि तुमचा प्रश्न त्या दोनाबद्दलचा आहे. त्याची चाचणी तुम्ही केलेलीच नाही.

आता दुसऱ्या गटात काही न देताही दाब का उतरला? तुम्ही रुग्ण निवडलेच त्यांचा दाब चढलेला असताना. त्यातल्या काहींचा त्या दिवशी योगायोगाने चढला होता, तो पुढच्या वेळी आपोआप खाली आला. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ मध्ये उंचीच्या बाबतीत हेच दाखवलं: फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीच्या दिशेने झुकलेली असतात. म्हणून 'आधी आणि नंतर' एवढ्यावर उभी राहिलेली कुठलीही घट मी मान्य करत नाही.

उपाय सोपा आहे. शेवटचा रक्तदाब दोन्ही गटांत थेट ताडून पाहा आणि सुरुवातीचा रक्तदाब हिशेबात धरा. अ‍ॅनकोव्हा हीच पद्धत. विकर्स आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये तिचा पुरस्कार स्पष्ट शब्दांत केला आहे. सुरुवातीच्या आकड्यावरून टक्केवारीत घट काढून ती ताडायचा मोह टाळा, त्यात चाचणीची ताकद कमी होते. तुमचा डेटा वाया गेलेला नाही. पुन्हा विश्लेषण करा, आणि औषधाचा फरक नाही निघाला तर तसंच लिहा.

प्रश्न: एका देशात थायरॉइडचा कॅन्सर १५ पट वाढला, असं ऐकलं. असं काय झालं तिथे?

तो देश दक्षिण कोरिया. १९९३ ते २०११ या काळात तिथे थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट झालं. पण त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास होते तेवढेच राहिले. आजार खरोखर १५ पट झाला असता तर मृत्यूंचा आकडा असा जागच्या जागी राहिला नसता. बदलली होती ती तपासणी: इतर कॅन्सरच्या चाचण्यांबरोबर मानेची सोनोग्राफी होऊ लागली, आणि आयुष्यभर काही त्रास न देणाऱ्या बारीक गाठी सापडू लागल्या. अशा गाठी मोजणीत आल्या की 'निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण'ही सुधारलेलं दिसतं, जरी एकही माणूस जास्त जगलेला नसला तरी. तिथल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये हे जाहीरपणे मांडल्यावर वर्षभरात थायरॉइडची ऑपरेशनं सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. पण त्याआधी ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली गेली, त्यांना थायरॉइडची गोळी रोज, जन्मभर घ्यावी लागते.