मुलाचं वाक्य आधी

सातारा, रविवार

बाळ,

परवा फोनवर तू एकच विचारत राहिलीस: इंग्रजीच्या तासाला पोरं तोंड उघडत नाहीत, मुख्याध्यापक निकाल मागतात, मग उत्तरं लिहून देऊ का? माझ्या डोक्यात मात्र तू जाता जाता सांगितलेली गोष्ट राहिली. टागोरांच्या ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’ या कवितेतल्या ‘वॉल’चा अर्थ विचारलास, मागच्या बाकावरची मुलगी ‘गोडे’ म्हणाली, वर्ग हसला आणि तू म्हणालीस, ‘मराठीत सांग.’

अगं, तिचं उत्तर बरोबर होतं! कन्नडमध्ये भिंतीला गोडेच म्हणतात. जत तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात शिकवतेस तू. तिथल्या कित्येक पोरांना मराठीच मुळी शाळेत आल्यावर भेटते. त्या मुलीनं इंग्रजी शब्द थेट आपल्या घरात नेला होता, तू तिला दारातच अडवलंस. मला राग आलाय. मुलाचं वाक्य आधी येऊ दे, आपलं नंतर. मोडकं असो, कन्नड असो, एका शब्दाचं असो.

हा राग तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त आहे. माझ्या दहावीच्या वर्गात 68 पोरं. रसग्रहणाला 5 गुण, म्हणून मी शीर्षक, कवी, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असं सगळं फळ्यावर लिहून द्यायचो. ‘नॅरो डोमेस्टिक वॉल्स’, म्हणजे घराघरांतल्या अरुंद भिंती, या ओळीपाशी एका पोरानं वहीत स्वतःचं लिहिलं: ‘अवर हाऊस हॅव वन वॉल इन सोपा. आजी गिव्ह भाकरी ओव्हर वॉल.’ चुलत्याशी वाटणी झालेली, सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, छातीएवढी विटांची भिंत. त्या ओळीचा इतका नेमका अर्थ मला कधी सांगता आला नव्हता. मी लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘फळ्यावरचं उत्तर उतरव.’ त्यानं उतरवलं. बोर्डात गुणही बरे पडले. पण त्याच्या वहीत त्याचं स्वतःचं वाक्य मला पुन्हा दिसलं नाही.

मी आळसानं लिहून देत नव्हतो, एवढं समजून घे. इंग्रजीत नापास झालेली मुलगी घरी बसवतात आणि दिवाळीनंतर तिचं लग्न उरकतात, हे मी पाहिलंय. त्या भीतीनं लिहून देत गेलो. त्या उत्तरांवर पास होऊन काही जणी नर्सिंगला गेल्या, त्याचं समाधान मला आजही आहे आणि ते कुणी काढून घेऊ नये. पण उत्तर आधी दिलं, तिथं मी चुकलो. जानेवारीत लागलं तर दे. जूनमध्ये नको. मुलाचं वाक्य आधी.

पेन्सिली खाली ठेवायला लाव, नाहीतर पोरं दोन ओळींच्या मधे अर्थ लिहीत बसतात आणि कविता त्याखाली दिसेनाशी होते. दोनदा मोठ्यानं वाच, न थांबता. मग विचार, ‘तुमच्या गावात अशी भिंत कुठं आहे?’ कुणी बोलणार नाही. तूही बोलू नकोस. मला ती शांतता सोसायची नाही, मिनिटभरात हात खडूकडं जायचा. तू हात बांधून उभी राहा.

ही कविता टागोरांनी आधी बंगालीत लिहिली, मग स्वतःच इंग्रजीत आणली, हेही पोरांना सांग. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ आमच्या साताऱ्यात न्यायाधीश होते, 1897 साली इथूनच निवृत्त झाले. पेपरात येत नाही म्हणून मी हे वर्गात कधी बोललो नाही.

मुख्याध्यापकांचं नंतर बघू, हवं तर मी येतो. उद्या पहिल्यांदा त्या मुलीला फळ्यापाशी बोलाव. ‘वॉल’च्या शेजारी तिच्या हातानं ‘गोडे’ लिहू दे, तिला जमेल त्या लिपीत. ‘भिंत’ तू मागाहून लिही. आणि त्या शब्दाला जोडून तिनं जे काही वाक्य केलं, ते न सुधारता मला पाठव.

तुझा,
सर